वेळासच्या माहेरवाशिणी

"मला ती कासवं बघायची आहेत," आई फोनवर म्हणाली, तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते. मोहरी तडतडत होती, म्हणून मला वाटलं, आपण काहीतरी भलतंच ऐकलं. काशीला जायचंय म्हणाली असती, गेला बाजार गाणगापूरला, तरी नवल वाटलं नसतं. पण कासवं? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईनं हट्ट धरावा तो कासवांचा?

गॅस बारीक करून पुन्हा विचारलं, तर उत्तर तेच. "टीव्हीवर दाखवली. वेळासला. वाळूतून एवढी एवढी पिल्लं निघतात नि आपापली समुद्रात जातात. आपल्या जिल्ह्यात असून मी कधी बघितली नाहीत. तू नेणार का सांग, नाहीतर मी एसटीनं जाते."

'एसटीनं जाते' ही नुसती धमकी नसते, हे मला पक्कं ठाऊक. तेव्हा मार्च २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात ह्यांनी रजा टाकली, मी शेजारणीला कुंड्यांना पाणी घालायला सांगितलं आणि आम्ही सांगलीहून निघालो. कऱ्हाड, मग कुंभार्ली घाट, मग चिपळूण. तिथे भावाच्या घरून आईला घेतलं. आई पहाटेपासून तयार होऊन ओटीवर बसलेली. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत रव्याच्या लाडवांचा डबा.

मैत्रिणींनो, पुढचं सांगण्याआधी एक कबुली द्यायला हवी. आईबरोबर दोन दिवस राहायचं ह्याचा मला आनंद होता, तशी थोडी धास्तीही होती. आमचं भांडण नाही, अबोला नाही. दिवाळीला, गौरी-गणपतीला येणंजाणं आहे. पण माझ्या मनात तिच्याविषयी एक खडा होता. तांदूळ कितीही निवडून घेतले तरी एखादा खडा राहतो आणि नेमका दाताखाली येतो ना, तसा.

गोष्ट १९८० सालची. मी दहा वर्षांची. आमचं गाव खेड तालुक्यातल्या डोंगरात. गावात शाळा चौथीपर्यंत. पुढच्या शाळेला नदी ओलांडून जायचं आणि नदीवर पूल नाही. म्हणून आईनं मला चिपळूणला मावशीकडे ठेवलं. जूनचे दिवस, पाऊस नुसता कोसळत होता. जेवणं झाली, आईनं पदर खोचला, "नीट राहा" एवढंच म्हणाली आणि स्टँडकडे निघाली. मी तिच्यामागोमाग पळाले. लाल गाडी लागलेली होती. आई चढली. गाडी हलली. मी भिजत उभी, की आता आई खिडकीतून बघेल, आता हात करेल. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. आईनं मागे वळून पाहिलं नाही.

एवढंच. तुम्ही म्हणाल, ह्यात काय मोठंसं? खरंच, काही नाही. मावशीनं मला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. शिकले, लग्न झालं, संसार झाला. पण तीन वर्षांनी नदीवर पूल झाला आणि धाकटा भाऊ घरी राहूनच शिकला, तेव्हा तो खडा आणखी टणक झाला. मी कधी बोलून दाखवलं नाही. मात्र माझ्या लेकीला पहिल्यांदा हॉस्टेलवर सोडलं, तेव्हा फाटकापासून रिक्षापर्यंत मी अकरा वेळा मागे वळून पाहिलं. ह्यांनी मोजलं होतं. दर वेळी मनात म्हणत होते, 'बघ, आईनं असं वागायचं असतं.'

असो. मंडणगड मागे टाकलं आणि रस्ता वळणं घेत समुद्राकडे उतरू लागला. दोन्ही बाजूंना काजूची झाडं, मोहराचा आणि पिकल्या बोंडांचा मिसळलेला वास. वेळास हे नाना फडणविसांचं मूळ गाव. तिथून जवळच बाणकोटचा किल्ला आणि सावित्रीची खाडी. गाव कसं, नारळी-पोफळीच्या सावलीत अंग चोरून बसल्यासारखं. आम्ही हॉटेलात न राहता गावातल्या एका घरी उतरलो. कासवांच्या दिवसांत इथली बरीच घरं पाहुण्यांना उतरवून घेतात. शेणानं सारवलेलं अंगण, मागच्या दारी विहीर, आणि घरच्या वहिनींनी हातात दिलेलं कोकम सरबत. घाटावरून उतरलेल्या जिवाला आणखी काय हवं?

वाटेत आईचं कासवपुराण चाललेलंच होतं. आपल्याकडे देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं. आपण त्याला हात लावून नमस्कार करतो नि पुढे जातो. आई म्हणाली, "कासवीला पान्हा नसतो. ती पिल्लांना नुसत्या नजरेनं वाढवते. ती ह्या तीरावर, पिल्लं त्या तीरावर. ती बघत राहते आणि तेवढ्यानंच त्यांचं पोट भरतं." कूर्मदृष्टी म्हणतात ती हीच. संतांनी देवाच्या कृपेला हीच उपमा दिली आहे. मी गप्प बसले. मनात म्हटलं, कासवीला जे कळतं ते काही माणसांना कळत नाही!

संध्याकाळी सहाच्या सुमाराला किनाऱ्यावर गेलो. गावातून सुरूच्या बनातून वाट जाते. बाहेर पडलं की एकदम समुद्र. भरतीचं पाणी पोहोचणार नाही अशा जागी जाळीचं कुंपण घातलेलं. त्याला सगळे हॅचरी म्हणतात. आत वाळूवर उपड्या टोपल्यांच्या रांगा, कोंबड्या झाकतात तशा. प्रत्येक टोपलीपाशी छोटी पाटी, तिच्यावर अंडी पुरल्याची तारीख आणि अंड्यांची संख्या. बाहेर दोरी बांधलेली आणि दोरीच्या अलीकडे आम्ही साठ-सत्तर माणसं. मुंबई-पुण्याची मंडळी, शाळेची मुलं, गळ्यात कॅमेरे.

गावातला एक तरुण आत गेला. पहिली टोपली उचलली. काही नाही. दुसरी उचलली. काही नाही. प्रत्येक टोपलीला सगळ्यांच्या माना पुढे व्हायच्या आणि पुन्हा मागे यायच्या. शेवटची टोपली उचलून त्यानं हात हलवले, "आज नाही. उद्या सकाळी सातला या."

शेजारचे एक गृहस्थ चिडले. एवढे तास गाडी चालवून आलो, म्हणाले, काहीच दाखवत नाहीत. तेव्हा आमच्या मातोश्री त्यांना म्हणतात, "अहो, बाळंतपण का कधी वेळ सांगून होतं?" सगळे हसले, ते गृहस्थसुद्धा.

मग त्या तरुणानं सगळ्यांना वाळूत बसवून माहिती सांगितली. ती इतकी गोड होती, की तुम्हालाही सांगितल्याशिवाय राहवत नाही.

इथे येणारी कासवं ऑलिव्ह रिडले जातीची. पाठ हिरवट राखाडी, दोन-सव्वादोन फूट लांबीची, वजन पस्तीस-चाळीस किलो, म्हणजे धान्याचं मोठं पोतंच म्हणा ना. ओडिशात गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर ती लाखांनी एकदम येतात. कोकणात मात्र एकेकटी येते. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, रात्रीच्या अंधारात. पाण्यात तरंगणारं ते शरीर वाळूवर ओढत आणायचं म्हणजे तिला धाप लागते. भरतीच्या रेषेच्या वर कोरडी जागा बघायची, मागच्या वल्ह्यासारख्या पायांनी दीड फूट खोल खड्डा खणायचा. तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद. अगदी आपल्या सुरईसारखा. आणि हे सगळं खड्ड्याकडे न बघता, नुसत्या पायांच्या अंदाजानं! मग त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालायची, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, मऊ कवचाची. वाळू लोटून खड्डा बुजवायचा, अंगाच्या भारानं दोन्ही बाजूंनी थोपटून घट्ट करायचा, आणि कुणाला खूण सापडू नये म्हणून वरची वाळू विसकटून टाकायची. सगळं मिळून तासाभराचं काम. त्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत असतं. लोक म्हणतात, ती रडते. खरं तर पोटात गेलेलं समुद्राचं मीठ ती डोळ्यांवाटे बाहेर टाकत असते.

"मग?" आईनं विचारलं. "मग अंडी राखायला बसते का?"

"नाही आजी. ती लगेच समुद्रात जाते. पिल्लं बाहेर यायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. ती त्यांना कधीच बघत नाही."

आई काही बोलली नाही. मी तिच्याकडे चोरून बघितलं. नजरेनं पिल्लं वाढवणाऱ्या कासवीची गोष्ट तिनं अख्खा जन्म सांगितली होती, आणि हा पोरगा म्हणतो, ती बघतसुद्धा नाही!

मला मात्र, खोटं कशाला बोलू, आतून एक कडवट समाधान वाटलं. म्हटलं, चला, मागे वळून न पाहणाऱ्या आया समुद्रातही असतात तर!

रात्री वहिनींनी केळीच्या पानावर जेवण वाढलं. फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोलकढी आणि उकडीचे मोदक. मोदकाच्या पाकळ्या कशा, मोजून घ्याव्यात! जेवणं झाल्यावर त्याही आमच्याजवळ ओटीवर येऊन टेकल्या.

"पूर्वी आम्हाला कुणाला काही कौतुक नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले तेव्हा माणसं माग काढत जायची नि अंडी उकरून आणायची. कुणी खायची, कुणी विकायची. राहिलेली कोल्ह्या-कुत्र्यांची धन."

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ह्या कासवांना आता वाघाइतकंच संरक्षण आहे. पण कायदा कागदावर असतो आणि अंडी वाळूत. वेळासला खरा फरक पडला तो २००२ पासून. चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था आणि तिचे भाऊ काटदरे ह्यांनी इथे काम सुरू केलं. गावातलीच माणसं हाताशी धरली. ज्यांना माग काढता येत होता, तेच राखणदार झाले. पुढे वन विभाग आणि ग्रामपंचायत सोबतीला आली, कासव महोत्सव भरू लागला, पाहुणे येऊ लागले. वहिनी म्हणाल्या, "आता ह्या दोन महिन्यांत माझ्या हाताला चार पैसे मिळतात. माझ्या हाताला, बरं का! मुलीच्या नर्सिंगची फी मी ह्यातूनच भरली." अंडी खाऊन संपली असती. राखली म्हणून दरवर्षी घर चालायला हातभार लागतो. कासवांनी वहिनींना राखलं की वहिनींनी कासवांना, हे तुम्हीच ठरवा.

दुसऱ्या दिवशी आई साडेपाचलाच उठून बसली. आम्ही सहाला किनाऱ्यावर. डोंगरामागे उजाडत होतं, समुद्र अजून करडा होता. कालचाच तरुण पहाटेची गस्त आटोपून परत येत होता. त्यानं आम्हाला हाक मारली, "आजी, या इकडे, गंमत दाखवतो."

वाळूवर एक माग उमटलेला होता. छोट्या ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा, दोन-अडीच फूट रुंद. पाण्यातून निघून वर आलेला, आणि वर एका जागी वाळू विसकटलेली. "रात्री येऊन गेली. अंडी आत्ताच हॅचरीत नेऊन पुरली. जेवढा खोल खड्डा तिनं केला होता तेवढाच खोल आपणही करायचा. अंडं जरासुद्धा उलटंपालटं होऊ द्यायचं नाही."

थोडं पुढे दुसरा माग. तोही पाण्यातून वर आलेला. पण वर गेल्यावर त्यानं अर्धगोल वळण घेतलं होतं आणि तसाच पाण्याकडे परत गेला होता. विसकटलेली वाळू कुठेच नाही.

"हिनं अंडी नाही घातली?" मी विचारलं.

"नाही. असं होतं पुष्कळदा. एवढ्या कष्टानं वर येते, पण उजेड दिसला, कुत्रं भुंकलं, खणताना वाळू पसंत पडली नाही, की तशीच परत जाते. मग दुसऱ्या रात्री, नाहीतर दुसऱ्या किनाऱ्यावर."

आई त्या मागाशी वाकून उभी होती. काठीच्या टोकानं तिनं त्या वळणावरून हवेतच रेघ ओढली. आणि अगदी सहज, भाजीत मीठ जास्त झालं म्हणावं तसं म्हणाली, "जागा पसंत पडली नसेल. मी नाही का दापोलीहून तशीच परत आले."

"दापोलीहून? कधी?"

"तुला ठेवायच्या वेळेला. आधी दापोलीला काकांकडेच ठेवायची होती तुला, सगळं ठरलेलं होतं. मी म्हटलं, एकदा बघून येते. घर मोठं, माणसं चांगली. पण पोरींनी निजायचं कुठं, तर ओटीवर. आणि ओटीवर रात्री-अपरात्री गडीमाणसांचा राबता. मी चहा घेतला नि उठले. मग खेडला तुझ्या आत्याकडे गेले. तिच्याकडे निजायची सोय होती, पण शाळेची वाट हायवेवरून, ट्रकांमधून. तिथूनही परत. तुझे आजोबा चिडले, म्हणाले, हिला काही पसंतच पडत नाही, पोरगी घरी बसेल. मग शेवटी चिपळूण. मावशीकडे आतली खोली होती आणि तिच्या दाराला आतून कडी होती. मी कडी दोनदा लावून बघितली. मग म्हटलं, इथं ठेवायची."

मी त्या वाळूत नुसती उभी राहिले. ती कडी मला आठवत होती. पितळेची, जड, लावली की 'टक्' वाजायची. शाळेची सहा वर्षं रोज रात्री मी ती लावली. ती कडी कुणीतरी आधी येऊन पारखून गेलं होतं, हे मला चव्वेचाळीस वर्षांनी कळलं.

"मला सांगितलं का नाहीस कधी?"

"दहा वर्षांच्या पोरीला हे काय सांगायचं? आणि पुढे सांगायचं राहून गेलं."

मग मला राहवलं नाही. एवढ्या वर्षांचा खडा मी ओठांवर आणला. "पण आई, त्या दिवशी गाडीतून एकदा मागे वळून बघायचंस तरी."

आई माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, बघणार कुठून? गाडीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. माझ्या तोंडापुढे कुणाच्या तरी कोंबड्यांची टोपली. घरापर्यंत उभी गेले मी!" थोडं थांबून म्हणाली, "आणि खिडकी मिळाली असती तरी बघितलं नसतं. बघितलं असतं तर उतरले असते."

तेवढ्यात हॅचरीकडून कुणीतरी ओरडलं, "आली, आली!"

दुसऱ्या रांगेतल्या एका टोपलीखाली वाळू हलत होती. पहिल्यांदा एक काळं नाक, मग एक इवलंसं वल्हं. मग एकाच्या डोक्यावर दुसरं पाय देत, दुसऱ्याच्या पाठीवरून तिसरं. तळहातावर मावेल एवढं एकेक पिल्लू, करड्या-काळ्या रंगाचं. एकूण एकोणीस निघाली. त्या तरुणानं ती अलगद टोपलीत घेतली आणि पाण्यापासून काही अंतरावर वाळूवर सोडली. एका छोट्या मुलानं विचारलं, "पाण्यातच का नाही सोडत?" तर म्हणे, ते एवढं अंतर त्यांचं त्यांनाच चालू द्यायचं असतं. ह्याच वाटचालीत किनाऱ्याची ओळख त्यांच्यात उतरत असावी, असं मानतात.

काय सांगू तुम्हाला! कुणी सरळ धावत सुटलं, कुणी माणसाच्या पावलाच्या खळग्यात पडून उताणं झालं, कुणी उलट्या दिशेनं निघालं. लाट यायची, दोघांना घेऊन जायची आणि एकाला पुन्हा वर आणून टाकायची. की ते पुन्हा चालू लागायचं. साठ-सत्तर माणसं, पण टाचणी पडली तर ऐकू यावी. माझा हात दोनदा पुढे झाला त्या उताण्या पिल्लाला सरळ करायला. दोन्ही वेळा आईनं तो धरला. "होईल त्याचं ते," म्हणाली. आणि झालं.

हजारातलं एखादंच पिल्लू मोठं होतं म्हणतात. मासे आहेत, पक्षी आहेत, मच्छीमारांची जाळी आहेत, प्लास्टिक आहे. वाळूच्या उबेचाही एक खेळ आहे. अंडी थंड वाळूत राहिली तर नर जास्त, आणि साधारण तीस अंशांच्या वर गेली तर माद्या जास्त. "म्हणजे इथे मुलीच जास्त झाल्या तरी सासू बोलणार नाही!" मी म्हटलं. पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. उन्हाळे असेच तापत गेले तर नर कमी होत जातील, आणि वाळू फारच तापली तर अंडीच करपतील. म्हणून राखणदार उन्हाची काळजी घेतात.

जी मादी जगते ती दहा-पंधरा वर्षांनी बाळंतपणाला बहुधा जन्मगावाच्या मुलखात परत येते. आपल्यासारखीच हो, पहिलटकरीण माहेरी येते तशी! २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या एका कासवीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं आणि तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'. ती वर गुजरातच्या समुद्राकडे गेली. २०२३ मध्ये गुहागरची 'बागेश्री' तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. आणि आम्ही जाऊन आल्यावर, २०२५ च्या जानेवारीत, गुहागरला एक कासवी अंडी घालताना सापडली, तिच्या पायाला बिल्ला होता ओडिशाचा! तिथे २०२१ मध्ये लावलेला. म्हणजे कुणाकुणाला दोन माहेरं असतात म्हणायची. हे वाचलं तेव्हा मला एकदम मावशीची आठवण झाली.

तुम्हालाही जावंसं वाटलं तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत पिल्लं दिसण्याची शक्यता असते, पण आधी गावात फोन करून चौकशी करा. एक रात्र नको, दोन राहा. एखादी वेळ रिकामी जातेच. रात्री हौसेनं किनाऱ्यावर बॅटऱ्या पाजळत फिरू नका, उजेडानं कासवी परत फिरते. फ्लॅश मारून फोटो काढू नका. पिल्लाला हात लावू नका, दोरी ओलांडू नका, मुलांनाही आधी समजावून ठेवा. वाळूतून चालताना पाय कुठे पडतो ते बघा. आपल्या पावलाचा खळगा त्यांना विहिरीएवढा असतो. खाऊचे कागद पिशवीत घालून परत आणा. आणि जिच्या घरी जेवाल तिच्या हातचं कोकम, कुळथाचं पीठ, आंब्याची साठं विकत घ्या. तो पैसाही शेवटी कासवांच्याच राखणीला लागतो.

परतताना चिपळूणला आईला भावाच्या दारात सोडलं. निघताना तिनं लाडवांचा डबा माझ्या हातात दिला. मी म्हटलं, रिकामा डबा कशाला? तर रिकामा नव्हता. आम्ही दोन दिवसांत चारच लाडू खाल्ले होते आणि उरलेले तिनं मुद्दाम राखून ठेवले होते. "घाटात भूक लागते," म्हणाली.

गाडी सुरू झाली. सवयीप्रमाणे मी मान वळवून मागे बघितलं. दारात कुणी नव्हतं. आई पाठ फिरवून केव्हाच आत गेली होती.

"काय गं, गेल्या का आई आत?" ह्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं, आणि डबा उघडून ह्यांच्या हातावर एक लाडू ठेवला.